चालू गाडीतली बॅटरी

गाड्या दुरुस्त करणारे रशीदभाऊ गेल्याचं मला गडचिरोलीहून आलेल्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरने सांगितलं. मी धानोऱ्याच्या स्टँडवर डॉक्टरबाईंचं औषधांचं खोकं उतरवून घेत होतो. "तुमचे मिस्त्री गेले ना भाऊ काल... झोपेतच," एवढं बोलून त्याने घंटी मारली. खोकं हातात धरून मी तिथेच उभा राहिलो. गडचिरोलीला पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. त्याला आता दीड महिना होईल. माझी शाळा आठवीतच सुटली, लिहायची सवय नाही. पण या माणसामुळे मी इकडे टिकलो, ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं वाटतं.

मी सांगोल्याकडचा. एका ओळखीने इकडे आलो तेव्हा दोन्ही वेळा भात खायचीही सवय नव्हती. डॉक्टरबाईंच्या जुन्या डिझेल जीपवर ड्रायव्हर म्हणून लागलो. बाई जंगलातल्या गावांत जाऊन पेशंट तपासायच्या. नोकरी लागली तरी मनात सारखी धाकधूक असायची. घर दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तिथे आठवी नापास माणसाला कोण ठेवून घेणार? एकदा भरपावसात दिवसाच दिवे लावून एका गावी पोचलो आणि ते बंद करायचे विसरलो. बाई तपासत होत्या तोवर बॅटरी बसली. मी घाबरलो. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, गाडी सुरू केली आणि इंजिन चालू असतानाच ती काढून आपली परत बसवली. इकडचे बरेच ड्रायव्हर तसं करतात. बाई बाहेर आल्या तेव्हा गाडी सुरूच होती. त्यांना काही कळलं नाही. मला तर मोठी हुशारी केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बॅटरी मेलेली, आणि गाडी धक्क्याने सुरू केली की इंजिनातून कण्हल्यासारखा आवाज. बाईंनी नवी बॅटरी आणली, तीही तशीच बसू लागली. एका मेकॅनिकने गाडी चालू करणारा सेल्फ-स्टार्टर बदलला, काही फरक नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "विकून टाकू ही गाडी. लांबची गावं बंद करू." गावं बंद म्हणजे ड्रायव्हर बंद. त्या पावसातल्या दिवसाचा याच्याशी संबंध असेल असं मनात यायचं... पण तोंड उघडलं नाही.

शेवटचा उपाय म्हणून गडचिरोलीला रशीदभाऊंकडे गेलो. बाई औषधं घ्यायला बाजारात गेल्या. भाऊंची रीत अशी, की आधी गाडी नुसती ऐकायची. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. मग इंजिन बंद केलं, बॅटरीची एक तार सोडली आणि मध्ये छोटा बल्ब जोडला. गाडीत काहीच चालू नव्हतं, तरी बल्ब मंद पेटला.

"पाह्य बाबू, गाडी झोपली, पण आत कोणीतरी जेवून राह्यलं."

मग एकेक तार सोडत गेले. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची जाड तार सोडली आणि बल्ब विझला. अल्टरनेटर उघडला, तर आतला डायोड जळलेला. करंट उलटा जाऊ न देणारा तो एवढासा तुकडा. बॅटरी तोच रिकामी करत होता, आणि ते कण्हणंही त्याच्यामुळेच होतं.

"चालू गाडीत बॅटरी काढली तं असाच जळते हा. काढली होती काय?"

"नाही भाऊ."

"बरं. मंग उंदरानं पाना घेऊन काढली असंन."

ते हसले नाहीत. डायोड बदलत राहिले. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तेव्हा म्हणाले, "मले कायले सांगतं? बाईले सांग. मी सांगितलं तं चुगली होते."

बाई आल्या. मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी हातातली औषधं गाडीत ठेवली. मग भाऊंना विचारलं, "मिस्त्री, आता याला गाडीवर ठेवू की नको?"

"ठेवा बाई. याच्या हातून हे आता होत नाई. नवा ड्रायव्हर आणान, तं त्याले हे पुन्हा शिकावं लागन... तुमच्याच गाडीवर."

बाईंना हसू आलं. मी अजून त्यांच्याच गाडीवर आहे.

त्यानंतर गाडीसाठी, कधी नुसता चहाला, मी त्यांच्याकडे जात राहिलो. माझी बोली ऐकून ते म्हणायचे, "पाव्हणा आला रे, च्या सांग." माझ्या त्या चुकीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

परवा दुकानात गेलो. आता त्यांचा मुलगा सलीम बसतो. त्यांच्या बाकड्यामागे पत्र्याची एक पाटी टांगलेली दिसली. पूर्वी नव्हती; मधे वर्षभर माझं दुकानात येणं झालं नव्हतं. त्यांच्याच वेड्यावाकड्या अक्षरात, 'चालू गाडीत बॅटरी काढू नये.' मी बघत राहिलो, तर सलीम म्हणाला, "मागच्या दिवाळीत लावली अब्बांनी. कोणी विचारलं तं सांगत, मीच केली होती हे चूक, एका डॉक्टरीणबाईच्या जीपवर."

मी म्हटलं, "नाही सलीम. ते मी केलं होतं."

 त्याने कापडाने पाटी पुसली आणि म्हणाला, "राहू द्या ना भाऊ तशीच. गिऱ्हाईक अब्बांचंच ऐकते."