हेलनबाई आणि दोन जाधव

साताऱ्याहून निघताना हेलनबाईंनी कंदी पेढ्यांचा पुडा मांडीवर घेतला आणि कराड येईपर्यंत तो रिकामा केला. बाई अमेरिकेतल्या, ऐंशी केव्हाच ओलांडलेल्या. मी निवृत्त इंग्रजी शिक्षिका, त्यांची दुभाषी. पेढ्यांच्या बाबतीत माझी गरज पडली नाही.

गाडीत त्या आपली हकीगत सांगत होत्या. महायुद्धानंतर त्यांच्या आईने एका जर्मन मुलीला वर्षभर घरी ठेवून घेतलं होतं. वडील तर जर्मनांशीच लढताना जखमी झालेले. छोट्या हेलनने तिच्याशी अबोला धरला. मग एकदा दोघी कडकडून भांडल्या आणि मैत्री जमली. पुढे वडिलांच्या बुटांच्या कारखान्याचा पैसा हेलनबाईंनी यातच घातला. अमेरिकन मुलं जर्मन घरांत राहायची, जर्मन मुलं अमेरिकन घरांत. आयुष्य त्यात गेलं. एक भेट तेवढी राहिली होती. इटलीत जखमी वडिलांना पाठीवर घेऊन सुखरूप आणणारा शिपाई होता इंग्रजांच्या फौजेतला, आपल्याकडचा कुणी जाधव. वडिलांना आडनाव आणि गाव एवढंच आठवत असे.

पलूसच्या अलीकडे, उसातून वाट काढत आम्ही त्या गावात पोचलो. जाधवांचं घर विचारलं तर पानटपरीवाला म्हणाला, "कुठलं? निम्मं गाव जाधव हाय."

इटलीला गेलेले दोघेच निघाले. त्यांची मुलं म्हणजे आबा आणि तात्या. सत्तरी उलटलेले चुलतभाऊ, घरं समोरासमोर, आणि शेताच्या बांधावरून कित्येक वर्षं बोलणं बंद. दोन्ही घरांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या मोकळ्या खोलीत, बापाचा फौजी पोशाखातला फोटो. साहेबाला उचलणारा आपलाच बाप, असं दोघांचंही म्हणणं. चहा दोन्हीकडे झाला. तेवढ्यात दोन्ही घरांत कोंबडीही शिजायला लागली.

बाईंनी मला निरोप द्यायला सांगितलं: जेवेन तर दोघांबरोबर, नाहीतर नाहीच. मी बिचकतच सांगितलं. आबा उठून उभे राहिले.

"त्याचा उंबरा मी चढणार न्हाई."

तात्यांचं उत्तरही तेच. ते ऐकून बाई काठी टेकत बाहेर आल्या आणि दोन घरांमधल्या बोळात, भर उन्हात, सरळ जमिनीवर बसल्या. मला काही त्यांना उठवता येईना. लोक जमले.

तात्या बाहेर आले. "आवं बाई, उठा. पाव्हणी उपाशी बसली तर गाव आमाला काय म्हणंल?"

बाई हलल्या नाहीत. मग आबांनी घोंगडं आणून अंथरलं, त्यांना त्यावर बसवलं आणि जरा घुटमळून स्वतःही टेकले. तात्या दुसऱ्या टोकाला बसले, तोंड फिरवून.

दोन्ही घरचा रस्सा आला, भाकरी आली, हिरव्या मिरचीचा झणझणीत खर्डा आला. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी खुणेने खर्ड्याकडे बोट दाखवलं. मला ते पुरतं पटलं नाही. आबांनी समोरच्या घरचा रस्सा चाखला.

"मीठ कमी हाय रं," ते तात्यांना म्हणाले.

"तुझ्या जिभेलाच चव न्हाई."

मी भाषांतर केलं, तशी बाईंनी आणखी भाकरी मागितली.

साताऱ्याला परतताना त्या गाडीत गाढ झोपल्या. वडिलांना कुठल्या जाधवाने वाचवलं ते कळलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. मला वाटलं होतं, आता बांधाचंही मिटेल. परवा तात्यांचा फोन आला. काही मिटलेलं नाही. आबा रोज सकाळी तात्यांच्या सोप्यात येऊन बांधावरून भांडतात, आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत.