कुजबुजणाऱ्या मेयरबाई

पडदा वर जातो. लाल मखमलीचा, कसरीने कडा खाल्लेला, कापराचा वास मारणारा पडदा. चर्चच्या अंगणात बांबूंचा रंगमंच उभा आहे. मागे कालुंपितान गावाचा समुद्र, समोर बाकांवर सगळं गाव आणि प्रत्येकाच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भाताचा सुमान. पवित्र आठवडा चालू आहे. पत्र्याची शिरस्त्राणं घालून रोमन शिपाई घामाने निथळताहेत, येशूच्या खांद्यावर खरा लाकडी क्रूस आहे, आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आधीपासूनच डोळे पुसताहेत.

प्रेक्षकांना सगळे दिसतात, एकजण सोडून. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक लाकडी पेटी उपडी घातलेली असते, तिच्याखाली खड्डा, आणि त्या खड्ड्यात स्टुलावर बसलेली असते आगुस्तिना माग्सिनो. गावाची तिनाय. सकाळी बाजारात सुकी मासळी विकायची आणि दिवस कलला की पेटीत बसून नटांना शब्द पुरवायचे. ही तिची प्रॉम्प्टरची जागा तिने विशीत घेतली ती चाळिशी उलटेपर्यंत सोडली नाही.

नाटक बसवणाऱ्या सेवेरोकाकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “शब्द काय, कुणीही देईल, पोरी. नट विसरलाय की थांबलाय, हे ज्याला कळतं तो प्रॉम्प्टर. विसरलेल्याला शब्द दिला नाहीस तर तो मरतो. आणि थांबलेल्याला दिलास तर तू त्याला मारलंस.”

तिनायला ते कळायचं. रोमन सुभेदार पिलातचा हात पोटाकडे गेला की तो विसरलेला असायचा. येशूची आई मारिया मात्र गप्प झाली तरी तिला शब्द द्यायचा नाही, तिचं मौनच अंगणाला रडवायचं. आणि एफ्रेन विसरला की त्याचे कान लाल व्हायचे.

एफ्रेन आर्तियेदा तिचा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच त्याला हातांवर धरलं होतं, म्हणून ती त्याची निनांग. देखणा, उंच, आवाज असा की गलबतावर ऐकू जावा. भाल्याने येशूला भोसकणाऱ्या आंधळ्या शिपायाचं काम तो करायचा. रक्ताचा थेंब डोळ्यांत पडतो, दृष्टी परत येते, आणि नेमकं तिथेच, दर वर्षी, एफ्रेनला पुढचं काही म्हणता काही आठवायचं नाही. कान लाल. पेटीतून कुजबुज. मग आवाज असा फुटायचा की टाळ्याच टाळ्या!

तिनाय राजकारणात आली तीही अशीच, पेटीतून. बाजारातल्या बायकांनी तिला वस्तीची प्रमुख केलं, कारण कुणाचं घर कधी जळलं आणि कुणाला काय कबूल केलं होतं ते तिला तोंडपाठ असायचं. पुढे ती नगरसेविका झाली, मग उपमहापौर. सभागृहात जुने मेयर बोलता बोलता अडले की शेजारून कुजबुज यायची आणि मेयर पुढे सरकायचे. एक दिवस त्यांचं हृदयच अडलं. तिथे शब्द देऊन भागणार नव्हतं. कायद्याप्रमाणे खुर्ची तिनायला मिळाली.

खुर्चीत बसूनही ती कुजबुजतच राहिली. फाईल हातात घेऊन कानाशी दोन शब्द, आणि काम झालेलं. पण निवडणूक आली, आणि निवडणुकीला गळा लागतो. त्यात उमेदवारी कुणी जाहीर केली? एफ्रेनने. आता तो मोठा बांधकामवाला झाला होता. समुद्रकाठचा मासळीबाजार पाडून तिथे चार मजली मॉल उभा करायचं त्याने ठरवलं होतं.

अर्ज भरायला निघण्यापूर्वी तो तिच्या घरी आला. टेबलावर लसणीचा परतलेला भात, तळलेली सुकी मासळी आणि व्हिनेगरची वाटी होती.

“निनांग, अर्ज भरायला चाललोय. तुमच्याविरुद्ध.”

“आधी जेव. रिकाम्या पोटी भांडू नये.”

तो पोटभर जेवला. मग वाकून त्याने तिचा हात उचलला आणि रिवाजाप्रमाणे आपल्या कपाळाला लावला. “निवडणूक संपली की परत येईन, निनांग. जिंकलो तरी, हरलो तरी. हात कपाळाला लावायला.”

“येशील ना रे?”

“शब्द देतो.”

तिनायची बहीण लोलेंग चुलीपाशी होती. ती म्हणाली, “अगंबाई, हा शब्द देतोय! अरे मेल्या, आजवर तुला तरी शब्द हिनेच दिलेत ना?”

तिघेही हसले. पण तो गेल्यावर तिनाय ताट तसंच ठेवून बसून राहिली. बाजाराची काळजी होतीच, पण त्यासाठी निदान मत मागता येत होतं. हे पोर परत येईल का, हे कुणाला विचारायचं?

प्रचार संपायच्या आधीच्या रविवारी पाद्रीबाबांनी दोघांना चर्चच्या अंगणात समोरासमोर बसवलं. रंगमंच तोच, पडदा तोच. तिनाय पहिल्यांदाच पेटीत नव्हे, वर रंगमंचावर बसली होती. दोघांपुढे दोन माईक होते. बाबांनी विचारलं, “बाजाराचं काय करणार?”

एफ्रेन उठला. हे भाषण त्याने प्रत्येक वस्तीत केलं होतं आणि तिनायने ते प्रत्येक वेळी मागच्या बाकावरून ऐकलं होतं. “चार मजले! गार हवा! आपोआप चढणारे जिने! आणि मासळी विकणाऱ्या माझ्या प्रत्येक ताईला...”

तो गप्प झाला.

अंगण वाट बघत होतं. कुणाला वाटलं, नाट्यमय थांबलाय. तिनायने त्याच्या कानांकडे पाहिलं. लाल! आणि आयुष्यभराच्या सवयीने तिचे ओठ हलले. “तळमजल्यावर गाळा, पहिलं वर्ष भाडं नाही.”

माईकने ते सगळ्या अंगणाला ऐकवलं.

“तळमजल्यावर गाळा, पहिलं वर्ष भाडं नाही!” एफ्रेन गरजला, आणि मग त्याला काय झालं ते कळलं. हशा असा उसळला की घंटाघरावरची कबुतरं उडाली. लोलेंगने तोंडावर पंखा धरला. “गेली! निवडणूक गेली! स्वतःच्या तोंडाने त्याचं भाषण म्हणाली ही बया!”

तिनाय बोलायला उभी राहिली, पण आवाज पेटीतलाच निघाला. मग कोळंबी विकणारी बिदाय बाकावर चढली. “जोरात बोल ग, मेयर! आम्ही काय तुझे नट आहोत कुजबुज ऐकायला?”

“माझ्याकडे मजले नाहीत!” तिनाय ओरडली. स्वतःच्या आवाजाने ती दचकली. “छप्पर नवं घालीन. गटार वाहतं करीन. बर्फाची खोली बांधीन. बाजार आहे तिथेच राहील. झालं माझं.” आणि बसली.

दुसऱ्या दिवशी मासळीच्या पाट्यांवर फक्त एकच चर्चा होती. “स्टेजवर उभा राहून गाळा विसरला,” बिदाय कोळंबी निवडत म्हणाली, “खुर्चीत बसल्यावर काय ग आठवणार त्याला?”

एवढ्यावर तिनाय जिंकली. तीही थोडक्यात.

ती आनंदाने घरी गेली नाही, थेट एफ्रेनच्या दारात गेली. तो जाळीच्या दाराआडूनच म्हणाला, “तुम्ही मुद्दाम केलंत, निनांग. अख्ख्या गावासमोर मला पोर केलंत.”

“तुझे कान लाल झाले होते रे.”

त्याने आतलं दार लावून घेतलं.

छप्पर झालं, गटार झालं, बर्फाची खोलीही झाली. तिनाय पुन्हा निवडून आली, मग पुन्हा. गावच्या जत्रेला ती एक ताट जास्त मांडायची. पन्सितच्या शेवया गार होऊन चिकटायच्या आणि लोलेंग ते ताट उचलताना दर वर्षी म्हणायची, “विसरला तो मेला.”

सलग तीन कारकिर्दींपुढे कायद्याने उभं राहता येत नाही. घरच्यांनी धोशा लावला की लोलेंगला उभी कर, खुर्ची घरात राहील. “आपला प्रवेश संपला की विंगेत जायचं,” तिनाय म्हणाली. “बहिणीला आपला अंगरखा घालून पाठवायचं नाही.” त्या वर्षीच्या पवित्र आठवड्यात माजी मेयरबाई गुडघे धरत धरत पुन्हा पेटीत उतरल्या आणि अंगणाने नटांच्या आधी त्यांना टाळ्या दिल्या.

पुढे छातीचं दुखणं लागलं आणि अंथरूण आलं. एका सकाळी, खिडकीतून बाजाराचा गलका ऐकू येत असताना, दारात एफ्रेन उभा राहिला. केस पांढरे, खांदे उतरलेले. कुणी या म्हणायची वाट न बघता तो पलंगाशी गुडघ्यावर बसला. त्याने तिचा हात उचलून कपाळाला लावला, आणि तो तसाच धरून राहिला. शब्द नाही.

लोलेंगला राहवेना. “बोल की रे! इतक्या वर्षांनी आलास, माफी माग. म्हण, निनांग, माझं चुकलं...”

तिनायने डोळे उघडले. त्याच्या कानांकडे नीट पाहिलं. ते लाल नव्हते. दुपारपर्यंत ती गेली. तिचं शेवटचं वाक्य कालुंपितानच्या बाजारात अजून सांगतात. एफ्रेनचा हात न सोडता ती बहिणीला म्हणाली, “शब्द देऊ नकोस त्याला. विसरलेला नाही तो. थांबलाय.”