फ्रीसलँडमध्ये ईशान मराठी बोलला

फ्रीसलँडला, म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, जायचं आमचं दहा-बारा वर्षं ठरत होतं. आम्ही राहतो त्या टिलबर्गहून फार तर तीन तासांचा रस्ता, पण सुट्टी मिळाली की आम्ही विमानाने पुण्याला पळतो, आणि उत्तरेकडचा समुद्र राहूनच जातो. शेवटी २०१६च्या मे महिन्यात योग आला तो ईशानच्या मॅचमुळे. ईशान आमचा एकुलता एक, तेव्हा साडेसतरा वर्षांचा. इथे बाकीची मुलं फुटबॉल आणि हॉकी खेळतात. आमच्या चिरंजीवांनी अमेरिकन फुटबॉल शोधून काढला: हेल्मेट, खांद्यावर प्लास्टिकचं चिलखत, आणि समोरच्याला अंगाने धडकून पाडायचं. रविवारी मॅच फ्रीसलँडमध्ये होती, म्हणून शनिवारी निघून एक रात्र हार्लिंगनला राहायचं ठरवलं. ज्या गावात मॅच झाली त्याचं नाव लिहीत नाही. वकिलीची सवय आहे.

हो, मी वकील आहे. पुण्यात सहा वर्षं मोटार अपघातांचे दावे चालवले. नवऱ्याला, म्हणजे मंदारला, नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि मी मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आले. आता टिलबर्गमध्ये एका मालवाहतूक कंपनीत खराब झालेल्या मालाचे क्लेम बघते. फुटलेल्या टाइल्सना निदान डोकं नसतं.

खेळाबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सीझन सुरू होण्याआधी क्लबमध्ये प्रत्येक मुलाची एक चाचणी घेतात. वर्षाचे महिने उलटे म्हण, आकडे उलट्या क्रमाने सांग, पाच शब्द ऐक आणि थोड्या वेळाने परत सांग. प्रत्येकाचा स्कोअर लिहून ठेवतात. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की तेच पुन्हा विचारायचं, आणि स्कोअर कमी आला तर मुलगा बाहेर. कल्पना शहाणपणाची आहे. पण मंदार पडला पुण्याचा, त्यातून चौथीत स्कॉलरशिप मिळवलेला. त्याने 'टेस्ट' एवढाच शब्द ऐकला आणि दोन आठवडे पोराची तयारी करून घेतली. वरणभात कालवता कालवता डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. ईशान क्लबात पहिला आला. मंदारने हे पाडव्याच्या कार्यक्रमात मराठी मंडळातल्या किमान दहा जणांना सांगितलं.

शनिवारी सकाळी निघालो. ए-२७ हायवेने युट्रेख्टपर्यंत, तिथे नेहमीप्रमाणे तुंबलो, मग अ‍ॅमस्टरडॅमला वळसा घालून ए-७. मागच्या सीटवर ईशान कानात हेडफोन घालून. मी मराठीत विचारायचं, त्याने डचमध्ये उत्तर द्यायचं, हा आमच्याकडचा जुना करार. पाच वर्षांचा असताना आला, दोन वर्षांत मराठी बोलणं बंद झालं. कळतं सगळं. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, दर रविवारी आजीशी स्काइपवर बसवून पाहिलं. आजीलाच शेवटी 'डांक यू वेल', म्हणजे डचमधलं धन्यवाद, म्हणता यायला लागलं. या एका गोष्टीचं मला किती वाईट वाटायचं, ते मी मंदारलाही कधी पूर्ण सांगितलं नव्हतं.

डेन उव्हर गाव मागे गेलं की आफ्स्लाउटडाइक लागतो. समुद्र अडवून बांधलेला हा बांध तीसेक किलोमीटर सरळ जातो. टोल नाही. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: रस्ता बांधाच्या आतल्या अंगाने आहे, त्यामुळे उजवीकडे तळ्याचं पाणी दिसतं आणि डावीकडे नुसती गवताची भिंत. खरा समुद्र त्या भिंतीच्या मागे. तो बघायचा तर वाटेत मनोरा आहे तिथे थांबून वर चढायचं. आम्ही चढलो. वारा असा की मंदारची टोपी गेली ती गेलीच. समुद्र राखाडी, आभाळ राखाडी, मध्ये रेघसुद्धा नाही. खाली उतरून गाडीत बसून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमधला चहा घेतला. मनोऱ्यातही कॉफी मिळते, पण पुऱ्यांना तोड नाही.

हार्लिंगन छोटं, नीटनेटकं बंदर आहे. बेटांवर जाणाऱ्या बोटी इथूनच सुटतात. बंदराजवळ एका घरातल्या वरच्या दोन खोल्या ऐंशी युरोत मिळाल्या, न्याहारीसकट. न्याहारीला फ्रीसलँडचा साखरेचे खडे घातलेला पाव मिळतो, तो जरूर खा. संध्याकाळी धक्क्यावर तळलेले माशाचे तुकडे खायला आमच्याबरोबर यान आणि इनेका होते. यान टीमचा कोच, साठीचा, मूळचा हार्लिंगनचाच. इनेका त्याची बायको, क्लबमध्ये प्रथमोपचार बघते आणि ती चाचणीही तीच घेते. बाकीची टीम रविवारी बसने येणार होती.

माझ्या जुन्या धंद्याचं कळल्यावर यानने विषय काढला. अमेरिकेत म्हाताऱ्या खेळाडूंनी डोक्याला बसलेल्या मारांबद्दल लीगवर दावे लावले, मोठी तडजोड झाली, ते त्याने सगळं वाचलं होतं.

"त्यांच्याकडे निदान लीग आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे कोण? मी आणि इनेका. पोराला काही झालं तर कुणाला धरणार?"

"पालकांनी सही केलेली असते," मंदार म्हणाला.

"मी वाचून केली," मी म्हटलं. "सही केली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. पण तो सिद्ध करायला लागतो."

पुण्यात सोपं होतं. ट्रकला नंबर असायचा. ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी, तिघांना नोटीस. इथे दोन पोरं हौसेने एकमेकांवर धावून जातात, आणि नियमही तसंच सांगतात.

यान सांगत होता की नवी मुलं येईनाशी झालीत, आया आधी इंटरनेटवर वाचतात आणि मग फोनच करत नाहीत. काही क्लब आता कमरेला फिती लावून खेळतात, फीत ओढली की गडी बाद, धडक नाहीच. "तेच राहील बहुतेक," तो म्हणाला. मग त्याने स्वतःच्या पहिल्या मॅचची गोष्ट सांगितली. हेल्मेट इतकं मोठं होतं की धडक बसल्यावर ते उलटं फिरलं आणि तो कानाच्या भोकातून बघत पळाला. आम्ही खूप हसलो. कॉफी आली तेव्हा त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली, पहिल्यापासून, त्याच शब्दांत. इनेका पाण्याकडे बघत बसली. आम्ही परत हसलो, थोडं कमी.

रविवारी आभाळ तसंच. मैदान गावाबाहेर, बाजूला गोठा, प्रेक्षक म्हणजे तीस-चाळीस आईबाप आणि शेणाचा वास. छत्री नेऊ नका, टिकत नाही, रेनकोट न्या.

मध्यंतराच्या थोडं आधी ईशान चेंडू घेऊन पळाला आणि समोरून आलेल्या पोराचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आदळलं. आवाज फार मोठा नव्हता. दार लागल्यासारखा. दोघं पडले, दोघं उठले. ईशान स्वतःच्या पायांनी बाहेर आला. इनेकाने त्याला बाकावर बसवलं आणि चाचणी सुरू केली. मी धावत पोचले तेव्हा तो डचमध्ये महिने उलटे म्हणत होता, न अडखळता. आकडे बरोबर. पाचही शब्द बरोबर.

"जसाच्या तसा स्कोअर," इनेका यानला म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला.

ईशानने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, मला पाणी दे ना."

मराठीत. 'ना'सकट.

मंदारचा चेहरा उजळला. "अगं, ऐकलंस का? मराठी बोलला!"

ऐकलं होतं. दहा वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलं तेव्हा मला ते नको झालं. कारण ते सतरा वर्षांच्या मुलाचं वाक्य नव्हतं. हा आवाज मला माहीत होता. तो पुण्याच्या घरात राहायचा.

"याला परत पाठवायचं नाही," मी यानला म्हटलं.

"टेस्ट तर उत्तम आहे."

"टेस्ट याच्या बापाने पाठ करून घेतलीय. हा मराठी बोलतोय."

यान गोंधळला. "आईशी आईच्या भाषेत बोलतोय. मग?"

काय सांगणार? त्या मैदानावर माझा एकच पुरावा होता, आणि तो समजणारी माणसं दोन. त्यातला एक साक्षीदार खुशीत होता. ईशान उठून उभा राहिला होता, मैदानाकडे निघालाच होता. मी बाकावरचं त्याचं हेल्मेट उचललं आणि छातीशी धरून खाली बसले. हेल्मेट नसेल तर खेळता येत नाही, एवढा नियम मला माहीत होता. यान माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने हाताने खूण करून दुसऱ्या मुलाला आत पाठवलं. ते उपकार मी विसरणार नाही.

मंदार चिडला होता. "जरा जास्तच करतेस. इतक्या वर्षांनी पोरगं बोललं, तर तू—"

"बाबा," ईशानने मध्येच विचारलं, "रिक्षावाले काका आले का?"

पुण्यात मोठ्या गटात असताना त्याला शाळेत न्यायला रिक्षा यायची. त्याने स्वतःचं जाकीट काढून ईशानच्या खांद्यांवर टाकलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

इकडे रविवारी डॉक्टर लागला तर आधी फोन करा, तसंच गेलात तर बसवून ठेवतात. फोनवरच्या बाईने विचारलं, उलटी झाली का? बेशुद्ध होता का? दोन्हींना नाही म्हणावं लागलं. मग मी म्हटलं, तो लहानपणीच्या भाषेत बोलतोय आणि बारा वर्षांपूर्वीच्या माणसाची वाट बघतोय. ती म्हणाली, थेट हॉस्पिटलमध्ये न्या.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. मेंदूला हादरा बसलाय, डॉक्टर म्हणाली, अंधार आणि विश्रांती, मोबाइल नाही, सहसा उतरतं. "दुसरी धडक बसली असती तर मात्र वेगळं बोलत असतो," एवढं तिने जाता जाता सांगितलं. मंदार खाली मान घालून ऐकत होता. त्याला एकट्याला दोष कसा देणार? दोन महिने त्या पहिल्या नंबरचं कौतुक ऐकून मीही हसलेच होते.

संध्याकाळी पुन्हा त्याच बांधावरून परत. ईशान डोळ्यांवर टॉवेल टाकून मागे आडवा.

"आई, समुद्र कुठंय?"

"भिंतीमागे."

"दिसत का नाही?"

"उंच आहे ना भिंत."

थोड्या वेळाने पुन्हा, "आई, समुद्र कुठंय?" त्याच सुरात. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. दोन दिवसांत दुसऱ्यांदा मी एकच गोष्ट दोनदा ऐकत होते. इतकं गोड मराठी बोलत होता, आणि मी मनात म्हणत होते, पुरे, बंद कर, डचमध्ये बोल.

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. "मॅम, इस एर खेन मेल्क?" दूध नाहीये का, एवढंच. मंदार टेबलाशी बसून रडला. मी दूध आणायला गेले, सुपरमार्केट उघडायच्या आधीच.

क्लबकडून फुलं आणि कार्ड आलं. कार्डात 'लवकर बरा हो' होतं, 'माफ करा' नव्हतं. माफी म्हणजे चुकीची कबुली, हे जाणून कुणीतरी विचार करून लिहिलं होतं. मीही तसंच लिहिलं असतं. जूनमध्ये यानचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "तुम्ही दावा करणार आहात का?"

"कुणावर?" मी विचारलं. फोन ठेवताना त्याने माझ्या मुलाचं नाव काय असं विचारलं, ज्याला तो स्वतः खेळ शिकवायचा त्याचं.

सहल कशी झाली असं लोक विचारतात, म्हणून हे लिहिलं. बांध बघण्यासारखा आहे. हार्लिंगनचे मासे उत्तम. ईशान अजून कधी कधी वाक्याच्या मध्येच थांबतो, शब्द शोधतो, आणि मी तो शब्द कुठल्या भाषेतून येतो इकडे कान लावून बसते. त्याच्या लक्षात येतं, मग तो वैतागतो.

सप्टेंबरमध्ये तो अठराचा झाला. आता क्लबच्या फॉर्मवर सही त्याची त्यालाच करायची. डॉक्टर म्हणाली होती, त्रास थांबलाय, खेळायचं की नाही ते त्याने ठरवावं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मी जिन्याखाली काहीतरी शोधत होते, तर तो येऊन मागे उभा राहिला आणि कोपऱ्यातल्या किटबॅगकडे बघायला लागला. मी मराठीत विचारलं, "परत खेळणार आहेस का?"

उत्तर कुठल्या भाषेत येतं, तिकडे माझे कान लागले होते.

"या, मॅम."

डच होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी हसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो बॅग उचलून वर गेला, आणि मग मला कळलं की तो हो म्हणाला होता.