जावेची होडी आणि माझे बटण

माझ्या जावेची वेबसाइट उघडली की चित्रातली होडी किनाऱ्याला लागते आणि होडीवर 'खोली बुक करा' असे बटण येते. पाहुणे ते दाबतात, तिच्या खोल्या भरतात... आणि मी इथे रिकाम्या खोल्यांतले पंखे पुसते. नमस्कार. ग्रुपवरचे सगळे बरे ना?

दोघींच्या वेबसाइट माझ्या नातीनेच केल्या, मेघाने. कोल्हापूरला कॉम्प्युटर शिकते ती. दोन्हीकडे सारखीच होडी घालत होती. मला का म्हणून सारखी? जावेची, म्हणजे शेवंतीची, आणि माझी भिंत एक आहे, तेवढे सारखेपण पुरे.

शिवाय शेवंतीची होडी सरळ वाळूत घुसते, स्टँडवर एसटी लागावी तशी. मी मेघाला म्हटले, "गो, खरी होडी अशी येता काय? भायर थांबता, लाट जावक देता, मगे आत येता. माझी तशीच येऊक व्हयी."

"आजी, कोण बघतलो ता?"

"शेवंती बघतली."

केली पोरीने. माझी होडी लाटांपाशी डुलत थांबायची, मग रुबाबात आत... शेवंतीला मुद्दाम बोलावून दाखवली.

दिवाळीची सुट्टी आली. तिच्या अंगणात गाड्या, माझ्या अंगणात कोंबड्या. शेवटी साताऱ्याच्या एका बाईंचा फोन आला, "आजी, तुमची होडी बटणावरच येऊन बसते हो. दाबायचं कुठे? आम्ही शेजारी बुक केलं."

मेघाने बघून कपाळाला हात लावला. बटण किती सेकंदांनी यायचे ते तिने आधीच ठरवून ठेवले होते, सरळ येणाऱ्या होडीच्या हिशेबाने. माझी होडी बाहेर लाट बघत असतानाच बटण किनाऱ्यावर हजर... आणि तिथे नंतर येईल ते वर. होडी आली ती बटणावरच!

आता तिने सेकंद काढून टाकलेत. होडीची हालचाल पुरती संपली, की मगच पुढचा कोड चालतो आणि बटण येते. होडी हवी तेवढी थांबू दे. काल नाताळचे पहिले बुकिंग आले.

खूश होते मी, आज सकाळपर्यंत. सकाळी शेवंतीची वेबसाइट उघडली... तिची होडीसुद्धा आता बाहेर थांबते, लाट जाऊ देते, मग आत येते. वर शीड आहे. पांढरे, वाऱ्याने फुगणारे. माझ्या होडीला शीड नाही.

मेघा, तुझे चार लोकांत आभार मानायला बसले होते, ते आता राहू दे. शिडाचे उत्तर तू द्यायचेस, इथेच, सगळ्यांसमोर. शेवंती, तू मध्ये लिहायचे नाहीस.