दमेवाल्या बाई

"काय होतंय?" असं बाईंनी कधीच विचारलं नाही. पेशंट समोर बसला की त्यांचा पहिला प्रश्न, "घराजवळ काय जळतं?" कचरा, बंब, भट्टी, शेजाऱ्याची विडी, सगळं सांगावं लागे. मगच पाठीला नळी लागायची. सोलापुरात त्यांना दमेवाल्या बाई म्हणत. भांडखोरही म्हणत.

माझी सई तेव्हा तीन वर्षांची. खोकून खोकून तिचे ओठ निळे पडायचे. आमच्या घरात निदान आधीच झालं होतं. माझ्या आईला दमा, म्हणून नातीला दमा. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "भांडी कमी दिली, पन दमा दिला की आंदन." लोक हसायचे. मीही ओठ ताणायचे.

बाईंसमोरही त्यांनी तेच ऐकवलं. बाई म्हणाल्या, "आजी, आईकडून थोडं येतं, खोटं कशाला बोलू? पण घराजवळ काय जळतं ते राहिलंच."

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. शेवटी मीच बोलले, "घरामागं आमचाच कारखाना आहे. टॉवेल रंगवायचा. बॉयलरमध्ये चिंध्या घालतात. रबरही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग सावकाश सांगू लागल्या, "जनुकं म्हणजे एक पुस्तक समजा. धुरानं त्यातला मजकूर बदलत नाही, पण काही पानं चिकटून बसतात. शरीराच्या पहारेकऱ्यांना 'थांबा, हा शत्रू नाही' असं सांगणारं पान चिकटलं, की ते साध्या धुळीवरही तुटून पडतात. श्वासनळी सुजते. मूल पोटात असल्यापासून हे सुरू होऊ शकतं."

सासूबाईंना तेवढंच पुरलं. "म्हंजी हिनंच पोटुशी असताना धूर वडला की!"

बाईंचा हात टेबलावर आपटला. "श्वास घेतला तिनं! तो गुन्हा झाला का? धूर सोडला कुणी, ते बोला!"

त्या घरात गेल्यापासून माझ्या बाजूनं कुणी आवाज चढवला नव्हता. मला रडू फुटलं. तर बाई माझ्यावरही खेकसल्या, "रडतेस काय? पोरीला घेऊन त्या धुरातून बाहेर पड."

त्यांचा राग नुसता तोंडात नसे. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी त्या आमच्या कारखान्यात आल्या. मामंजींनी खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"नातीसाठी तरी रबर बंद करा."

"बाई, किती घरं चालत्यात ह्या धुरावर."

"त्या घरांतली पोरंही माझ्याकडेच येतात."

मामंजी हसले. "मग तुमचा दवाखानाबी ह्याच्यावरच चालतोय की!"

बाई ताडकन उठून चालू लागल्या. संध्याकाळी त्यांनी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. तपासणीला साहेब आले, पण येणार हे आधी कळवून. त्या दिवशी बॉयलरमध्ये लाकूड होतं. साहेबांची गाडी वळली आणि रबर परत आत गेलं. आजही जातंय.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात, दोन खोल्या घेतल्या. नवरा मागाहून आला. सई आता पाचवीत आहे, पळते, उड्या मारते. दम्याचा पंप दप्तरात असतो. "चिकटलेली पानं सुटतील का हो?" मी एकदा विचारलं होतं. "माहीत नाही," बाई म्हणाल्या, "छातीठोक कुणीच सांगणार नाही. म्हणून तर धूर आधी थांबवायचा!" आणि त्यावरूनही चिडल्या.

या थंडीत बाई गेल्या. शोकसभेत मामंजी पुढच्या रांगेत. फोटोला हार घालून त्यांनी माईक घेतला. "बाई लई शांत. कुनाचं मन दुखावलं न्हाय कदी."

माझी कानशिलं तापली. मी उभी राहिले. "मामंजी, रबर बंद करा म्हणायला त्या तुमच्या दारात आल्या होत्या. तुम्ही हसला होतात."

तेवढ्यात मागून एक बाई उठली. आमच्या कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालणारी. "माज्या पोरालाबी पंप हाय," ती म्हणाली. "आदी धूर बंद करा, मग हार घाला."

कुणीतरी तिला दटावलं, "अगं, ही शोकसभा आहे."

"व्हय," ती म्हणाली. "म्हनूनच बोलतीया."