कार्बन फाडून घ्यायचा

माझा थोरला भाऊ जळगावच्या एका कंपनीत ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायच्या कामाला होता. विकायच्या म्हणजे दुकानात बसून नाही. महिन्यातले निम्मे दिवस तो फिरतीवर असायचा, कधी नवापूर ओलांडून गुजरातेत, कधी शिरपूर ओलांडून इंदूरकडे. मी लग्न होऊन धुळ्याला आलेले. आमची आई मी शाळेत जायच्या आधीच गेली. माझ्या वेण्या भाऊनं घातल्या, दप्तर त्यानं भरलं, आणि माझ्या लग्नात कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला तोही तोच. सासरी आल्यावर मात्र तो वर्षातून एकदा, भाऊबीजेला यायचा. बहिणीच्या घरी उगाच जाऊन बसू नये, असं त्याचं मत होतं. कामानिमित्त धुळ्यावरूनच जायचा, पण एस.टी.तून उतरायचा नाही.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीला त्यानं क्रेडिट कार्ड घेतलं. एकदा इंदूरच्या स्टँडवर त्याचा खिसा कापला गेला होता, तेव्हापासून रोकड बाळगायची त्याला धास्ती बसली. साहेबांनीच सुचवलं, आणि मुंबईच्या एका बँकेचं कार्ड पोस्टानं घरी आलं. त्या भाऊबीजेला त्यानं ते आम्हाला दाखवलं. आमच्या ह्यांनी त्यावरच्या उठावदार आकड्यांवरून अंगठा फिरवला. मागच्या पांढऱ्या पट्टीवर भाऊनं मराठीत सही केली होती, ठसठशीत, शेवटी एक लांब रेघ ओढून.

"चालते का मराठी?" ह्यांनी विचारलं.

"सही माझी, कार्ड माझं. न चालायला काय झालं?" भाऊ म्हणाला.

त्या दिवशी ओवाळून झाल्यावर मी हट्टानं त्याला आग्रा रोडवरच्या फोटो स्टुडिओत नेलं. दोघांचा एकत्र असा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. कपाळावरचा टिळा पुसू नकोस, असं मीच त्याला बजावलं. तो रात्री आमच्याकडेच राहिला आणि दुसऱ्या दिवशी जेवून गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका सकाळी दारात वहिनी उभी. एकटी. वहिनी एकटीनं जळगावहून धुळ्याला कधी आली नव्हती. मला वाटलं, काही तरी वाईट बातमी आहे. पाणी दिलं, चहा ठेवला. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, भाऊबीजेला तुमचे भाऊ इथं होते ना?"

"होते की. दुसऱ्या दिवशी जेवून निघाले. का?"

"पूर्ण दिवस होते? मधेच कुठं गेले नाहीत?"

मी चहा खाली उतरवला आणि तिच्यासमोर बसले. तेव्हा तिनं सांगितलं. बँकेचं पाकीट आलं होतं, भाऊ फिरतीवर होता म्हणून तिनं उघडलं. कार्डावर काय काय खरेदी झाली, ते त्या कागदात तारखेसकट लिहिलेलं असतं. भाऊबीजेच्या तारखेला सुरतेच्या एका साड्यांच्या दुकानात मोठी खरेदी झाली होती. भाऊच्या महिन्याच्या पगारात बसणार नाही एवढी.

"माझ्या घरात तर एकही साडी आली नाही," वहिनी म्हणाली. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी तिला शपथेवर सांगू शकले असते. पण बहीण भावाचीच बाजू घेणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मग मला स्टुडिओतले फोटो आठवले. ते आणायचे राहूनच गेले होते. मी म्हटलं, "वहिनी, चला जरा बाजारात."

दुपारी आम्ही दोघी स्टुडिओत गेलो. फोटोवाल्यानं पाकिटांच्या गठ्ठ्यातून आमचं पाकीट काढलं, त्यावर त्यानंच पेनानं तारीख टाकलेली होती. वहिनीनं तारखेकडे पाहिलंच नाही. तिनं फोटो बाहेर काढला. भाऊ खुर्चीत ताठ बसलेला, कपाळावर टिळा, मी मागे उभी. तो हसायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला जमलं नव्हतं. वहिनी बाकावर बसली आणि रडायला लागली. फोटोवाला बिचारा आत निघून गेला.

"मी त्यांना काय समजले," एवढं एकच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"भाऊला सांगणार नाही मी," मी म्हटलं.

"नको, मीच सांगते," ती म्हणाली.

आणि तिनं खरंच सांगितलं. भाऊ फिरतीवरून आला त्याच संध्याकाळी. हे मला पुढे भाऊकडून कळलं. तो तिला म्हणाला, "मला विचारायचं होतं." तर ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तेवढ्यानं माझं समाधान झालं नसतं." हे सांगताना भाऊ मला म्हणाला, "बाई, तिचं खरंच होतं ते. माझ्याही मनात तसंच आलं असतं."

मग बँकेशी भांडण सुरू झालं. पहिला फोन त्यानं फिरतीवर जाताना मुद्दाम उतरून धुळ्यातूनच केला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एस.टी.डी. बूथमधून. काचेच्या खोक्यात तो उभा, मी बाहेर. आतून त्याचा आवाज ऐकू येत होता. "अहो, मी त्या दिवशी सुरतेत नव्हतोच. कार्ड माझ्या खिशात आहे, आत्ता हातात आहे." पलीकडच्या माणसाला ते पटेना. कार्ड हरवलं नाही तर खरेदी तुम्हीच केली असणार, असं त्याचं म्हणणं. भाऊ घामानं डबडबून बाहेर आला. पण दुसऱ्या वेळी फोनवर एक बाई भेटल्या, त्यांनी नीट ऐकून घेतलं. लेखी तक्रार करा म्हणाल्या, आणि ज्या पावतीवर सही झाली तिची नक्कल मागवून घेतो म्हणाल्या.

ती नक्कल यायला संक्रांत उलटली. मधल्या काळात बँकेची तगाद्याची पत्रं येत राहिली आणि भाऊचं जेवणावरचं लक्ष उडालं. नक्कल आली तेव्हा तो ती घेऊन थेट माझ्याकडे आला. खरेदीच्या पावतीवर सही होती भाऊच्याच नावाची, पण इंग्रजीत, तिरकी, खाली दोन ठिपके दिलेली.

त्या कागदाकडे बघता बघता भाऊ हसायला लागला. बऱ्याच दिवसांनी त्याला तसं हसताना मी पाहिलं.

"एवढी मेहनत केली बिचाऱ्यानं," तो म्हणाला, "आणि माझी सही मराठीत असेल हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही."

बँकेनं ते मान्य केलं आणि रक्कम काढून टाकली. त्या बाईंनीच मग भाऊला समजावलं की हे झालं कसं असेल. तेव्हा दुकानात कार्ड एका लोखंडी यंत्रावर ठेवून वरून खटकन दांडा फिरवायचे. खालच्या पावत्यांवर आकडे आणि नाव उमटायचं, आणि मधल्या कार्बनवरही. तो कार्बन कचऱ्यात गेला की कुणीही उचलून त्यावरून नंबर वाचावा आणि नवं बनावट कार्ड करावं. भाऊला आठवलं, दिवाळीच्या आधी सुरतेच्या एका हॉटेलात माणूस कार्ड घेऊन आत गेला होता आणि बराच वेळ आला नव्हता. तोच असेल की दुसरा कुणी, ते कधीच कळलं नाही. वहिनीला मात्र वेगळीच रुखरुख होती. "त्या साड्या कुणी नेसल्या असतील हो?" असं ती वर्षभर तरी मधूनच विचारायची.

पुढे कार्ड नजरेआड होऊ द्यायचं नाही, कुणी मागाहून आकडा वाढवू नये म्हणून पावतीवर आकड्याच्या आधी रेघ मारायची, कार्बन मागून घेऊन आपल्या हातानं फाडायचा, असं सगळं भाऊ करू लागला. तुकडे तो दुकानात टाकायचा नाही, शर्टाच्या खिशात घालायचा. त्याच्या प्रत्येक शर्टाचा खिसा काळा-निळा झाला आणि धुणं धुताना वहिनी कपाळाला हात लावायची. प्रत्येक पावती जपून ठेवायची आणि महिन्याचं पाकीट आलं की एकेक ओळ ताडून बघायची, हेही त्या बाईंनीच सांगितलेलं. पण वहिनीनं हात जोडले. "ते पाकीट मी पुन्हा हातात घेणार नाही. तुम्ही ताईंकडे जाऊन काय ते बघा."

म्हणून भाऊ दर महिन्याला माझ्याकडे यायला लागला.

गल्लीतूनच हाक यायची, "बाई, शे का घरमा?" आमचं आपसातलं बोलणं अहिराणी. मी भरीत आणि कळण्याची भाकरी करून ठेवलेली असायची. जेवण झालं की तो सतरंजीवर पावत्या मांडायचा. मी पाकिटातला कागद वाचायची, तो पावती शोधायचा. "इंदूर, चपलांचं दुकान," मी म्हणायची. पावती हाताला लागायची, पण तो लगेच 'बरोबर' म्हणायचा नाही. आधी ती चप्पल का घ्यावी लागली ते सांगायचा: सेंधव्याच्या घाटात बस बंद पडली, चालताना जुनीचा अंगठा तुटला, आणि एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या डोक्याचं फडकं फाडून ती बांधून दिली. मग बारडोलीचं हॉटेल. तिथं गल्ल्यावरचा माणूस कार्बन मागितल्यावर रागावला, तर ह्यानं त्याला समोर बसवून सगळी सुरतेची कहाणी ऐकवली, आणि निघताना त्यानं वरून ताक पाजलं. मी भावासोबत कधी प्रवास केला नव्हता. त्या दुपारींत मी सगळं गुजरात हिंडले.

शेवटची ओळ झाली की सगळं जुळलं ना, असं तो विचारायचा, "बठ्ठं बरोबर शे?"

"बठ्ठं बरोबर शे," मी म्हणायची. ते म्हणताना मला दर वेळी थोडं वाईट वाटायचं, कारण आता तो उठणार.

काही वर्षं असं चाललं. मग गुडघ्यांनी दगा दिला, फिरती सुटली, आणि कार्डाचं आता काय काम म्हणून त्यानं ते बँकेला परत करायचं ठरवलं. कात्रीनं त्याचे तुकडे मीच केले, आकड्यांच्या मधोमध, सांगितलं होतं तसे. त्यानंतर पाकीट यायचं बंद झालं. मी म्हटलं, "भाऊ, तसाच येत जा." तो म्हणाला, "येईन की." पण बहिणीच्या घरी काही कामाशिवाय जायचं नाही, हा त्याचा जुना संकोच परत आला. पुन्हा भाऊबीज ते भाऊबीज. नंतर मुलानं त्याला पुण्याला नेलं, आणि तिथून तो परत आला नाही.

आता माझ्याकडेही कार्ड आहे. खरेदी केली की मोबाईलवर लगेच निरोप येतो. मी महिन्याच्या अखेरीला तरीही सगळं एकेक करून तपासते. चुकून काही वेगळं निघालं नाही आजवर. तपासून होतं तेव्हा घरात कुणी काही विचारत नाही.

त्या दुपारींतली एक मला फार आठवते. उन्हाळ्याचे दिवस होते. जेवण जास्त झालं होतं, आणि अर्धा कागद, गुजरातेतल्या व्याऱ्याच्या ओळीपर्यंत, वाचून होतो तोच भाऊ तिथंच सतरंजीवर आडवा झाला. माशा येतात म्हणून त्यानं बँकेचा कागद तोंडावर घेतला आणि घोरायला लागला. प्रत्येक श्वासाला कागद वर उचलला जाई आणि खाली बसे. त्याची जळगावची गाडी कितीला आहे ते मला माहीत होतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातला नळही बंद केला, भांडी वाजू नयेत म्हणून. गाडी गेली. तो उठला तेव्हा ऊन उतरलं होतं.

"उठवलं नाहीस?" तो डोळे चोळत म्हणाला.

"अजून निम्मं तपासायचं राहिलंय," मी म्हटलं.

त्यानं पाण्यानं तोंड धुतलं, मांडी घातली आणि पावत्या पुन्हा समोर ओढल्या. "हां, वाच," तो म्हणाला, "व्याऱ्याच्या पुढं कुठं होतो आपण?"