साडूंचा एक टक्का

खोटं बोलणाऱ्या माणसाला माझे साडू घरी बोलावून चहा पाजतील, पण खोटं बोलणारा काटा त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही माफ केलेला नाही. मग तो काटा वजनाचा असो, घड्याळाचा असो की मोटारसायकलच्या पेट्रोलचा. कुरखेड्याच्या धान खरेदी केंद्रावर त्यांनी सबंध नोकरी वजनकाट्याशेजारी उभं राहून काढली आणि तिथे त्यांचा एकच कायदा होता: रिकामा काटा शून्यावर आल्याशिवाय त्यावर पोतं चढणार नाही. ऐन हंगामात बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आत हमाल पोती पाठीवर घेऊन वाकलेले, आणि हे आपले काट्यावर बसलेली चिमणी आपखुशीने कधी उडते याची वाट पाहत हाताची घडी घालून उभे. चिमणीला हाकलायचं नाही, कारण घाबरून उडाली तर ती जाता जाता काट्याला धक्का देते! एकदा एका पुढाऱ्याने बोलता बोलता काट्याच्या कडेवर पाय टेकवला. साडू शांतपणे म्हणाले, "भाऊ, पाय उचला. नाई त तुमची मोजनी धानात होऊन जाईन." पुढारी हसला, पण पाय उचलल्यावर हसला.

निवृत्त झाल्यावर काटा सुटला, खोड सुटली नाही. लग्नाचं जेवण असलं की हे आदल्या दिवसापासून उपाशी, कारण पोट शून्यावर आल्याशिवाय म्हणे भुकेचा अंदाज येत नाही. गोंडपिपरीच्या एका लग्नात वरातीची गाडी वाटेत बंद पडली आणि पंगत पार दुपार कलेपर्यंत लांबली, तेव्हा हे मंडपाच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. मी स्वयंपाक्याच्या हातापाया पडून चार भजी आणली, तर डोळे न उघडताच म्हणाले, "आता कायले बिघडवता, साडभाऊ? बरोब्बर येऊन राह्यलं." आणखी एकदा मी आणि माझी बायको एसटीत भांडत भांडतच त्यांच्या दारात उतरलो, तर त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, ताटंच वाढू दिली नाहीत. "अर्ध्या भांडनावर जेवाचं नाई. जे असन ते सगळं बोलून मोकळे व्हा," असं म्हणून त्यांनी आम्हाला ओसरीत समोरासमोर बसवलं आणि स्वतः मधे स्टूल टाकून, कोणाचीही बाजू न घेता, दर थोड्या वेळाने "अजून काई?" एवढंच विचारत राहिले. माझ्या डोक्यात नुसती तिडीक गेली होती. शेवटी सांगण्यासारखं काही उरलंच नाही आणि बायकोला हसू फुटलं. या माणसाचा मला राग येतो तो अशाच वेळी, आणि त्याचा लळा लागला तोही अशाच वेळी.

त्यांच्या फोनची गोष्ट या सगळ्यावर कडी होती. त्यांना एकच मुलगी. तिचं लग्न भामरागडकडच्या एका आश्रमशाळेतल्या शिक्षकाशी झालं आणि सासरी जाताना तिने बापाच्या हातात एक स्मार्टफोन ठेवला. रोज दिवेलागणीला तिचा फोन येई. हे "जयभीम" म्हणून सुरुवात करत आणि मग निवांत, शेजाऱ्यांच्या म्हशीपर्यंतच्या सगळ्या बातम्या देत. पण दोनेक पावसाळे खाल्ल्यावर फोन बनवाबनवी करायला लागला. सत्तर टक्के दाखवता दाखवता चाळिसावर येई आणि तिथूनच डोळे मिटून मोकळा होई. पोरीला दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, मले सकाळपासून चक्कर..." आणि फोन काळा पडला. काळा पडताना त्यावर चौतीस टक्के होते. पुन्हा सुरू होण्याइतका तो चार्ज होईपर्यंत ताईंनी घरात किती फेऱ्या घातल्या असतील कोण जाणे. पोरगी ठीक होती, लिंबूपाणी पिऊन झोपलीसुद्धा होती. पण साडूंच्या मनातून ते चौतीस टक्के गेले नाहीत. "मरनाराबी आधी सांगते," ते मला फोनवर म्हणाले. "हा चौतीस म्हनते आन मरते."

बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने फोन उलटापालटा करून सांगितलं की चाचा, बॅटरी चांगली आहे, तिची मोजणी बिघडली आहे. फोन वापरून वापरून पार बंद पडू द्यायचा. काही वेळ तसाच ठेवायचा. मग बंद असतानाच चार्जिंगला लावायचा आणि शंभर होईपर्यंत वायर काढायची नाही, चालूही करायचा नाही. म्हणजे आपलं रिकामं कुठे आणि भरलेलं कुठे हे फोनला नव्याने कळतं. साडूंनी त्या माणसाचे दोन्ही हात हातात घेतले म्हणे. आयुष्यभर आपण जे सांगत आलो, ते एवढुशा फोनलाही लागू आहे, याचा त्यांना केवढा आनंद झाला! फक्त त्या माणसाने कुरखेड्याची लाइट हिशेबात धरली नव्हती. पावसाळ्यात तिकडे लाइट येते ती पाहुण्यासारखी. फोन पार मारून हे चार्जिंगला लावत, अर्ध्यावर लाइट जाई, आणि जेवढं भरलं तेवढ्यावर चालवून घेणं हे त्यांच्या रक्तात नसल्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून. ताई म्हणायच्या, "लेकरू तरी बरं, येवढ्या वेळा उपाशी ठेवलं त रडते."

बाळंतपणासाठी पोरगी माहेरी यायची होती, म्हणून आम्ही दोघं चंद्रपूरहून कुरखेड्याला गेलो होतो. तिच्या येण्याच्याच दिवशी सकाळी तिचा फोन आला की पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी चाललं आहे, गाडी निघणार नाही. काळजी करू नका, डॉक्टरीणबाई म्हणतात अजून अवकाश आहे. ताईंचा चेहरा उतरला. साडू मात्र बराच वेळ फोनकडे पाहत बसले आणि म्हणाले, "आजचा दिवस मोकळा आहे. आजच करून टाकतो. उद्या-परवा फोन येईन तवा यानं दगा नाई द्याला पाहिजे." मी म्हटलं, भाऊ, आज राहू द्या. पण काट्याच्या बाबतीत हे कोणाचं ऐकतात? फोन लवकर मरावा म्हणून त्यांनी टॉर्च लावला, उजेड पुरता वाढवला आणि पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ सुरू केला. ताई आणि माझी बायको पदर डोळ्यांना लावून पाहत बसल्या. पोरगी गाडीत बसायला निघाली आणि फोन बंद पडला. साडूंनी घड्याळ पाहिलं, फोन थोडा वेळ कोनाड्यात ठेवला, मग वायर लावली आणि शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

दुपारी माझ्या बायकोने टीव्ही लावला आणि पडद्यावर भामरागडची बाजारपेठ दिसली. दुकानांच्या अर्ध्या दारांपर्यंत पाणी होतं. लाइट नाही, मोबाइलचे टॉवर बंद, असं खाली सरकत होतं. मी माझ्या फोनवरून पोरीला लावला, जावयाला लावला, दोघंही संपर्काबाहेर. ताई उठून साडूंसमोर उभ्या राहिल्या.

"अवो, फोन चालू करा."

"आता नाई. मधीच चालू केला त काटा खोटा बसते."

"तिले तोंडपाठ नंबर एकच आहे. तुमचा. कोनाच्याबी फोनवरून लावन त यावरच लावन ना!"

मी साडूंच्या तोंडाकडे पाहत होतो. ओठ घट्ट मिटलेले, हात वायरीवर. हा माणूस हट्टी आहे म्हणून मी आयुष्यभर हसत आलो. त्या क्षणी मात्र मला कळलं की हा हट्ट करत नव्हता. याला भीती वाटत होती. फोन आता चालू केला आणि पोरगी बोलत असताना तो पुन्हा मधेच मेला तर? चौतीस टक्क्यांची ती संध्याकाळ त्यांना परत नको होती, आणि ती टाळण्याचा त्यांना ठाऊक असलेला एकच मार्ग अर्ध्यावर होता. टीव्हीवर पुन्हा तेच पाणी दिसलं. साडूंनी डोळे मिटले आणि बटण दाबून धरलं.

फोनवर उजेड आला, आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. टीव्ही बंद, पंखा बंद. फोन सहा टक्के म्हणत होता, आणि ते सहा खरे की खोटे हे सांगायला कोणीच नव्हतं. वर त्याने एक निरोप दाखवला: तो बंद असताना अनोळखी नंबरवरून तीनदा फोन येऊन गेला होता. ताई मटकन खाली बसल्या. साडूंच्या फोनची बॅटरी वाचावी म्हणून मी तो नंबर माझ्यावरून लावून पाहिला. बंद. मी म्हटलं, भाऊ, तुमचं सिम काढून माझ्या फोनात टाकू. साडूंनी फोन छातीशी धरला. "आन नेमका तवाच वाजला त? चालू काट्यावरचं पोतं हालवत नाई साडभाऊ."

मग आम्ही चौघं त्या फोनभोवती बसलो. कोणी स्क्रीनला हात लावत नव्हतं, कारण हात लावला की ती उजळते आणि उजळली की खाते. तरी मधूनमधून ताईंच्याने राहवत नसे आणि त्या बोट टेकवत. पाच. मग चार. मग एकदम दोन. पावसाचा आवाज एवढा होता की फोन वाजला तर ऐकू येईल की नाही याचाही मला घोर लागला. ताई भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहत ओठ हलवत होत्या. साडूंच्या कपाळावर घाम होता. एक टक्का झाला. माझी बायको दुसरीकडे पाहू लागली.

आणि फोन वाजला.

साडूंनी तो स्पीकरवर टाकला. "जयभीम! लवकर बोला, फोन मरून राह्यला!"

"बाबा, मीच आहो." पोरीचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता. तिलाही बापाचा फोन माहीत होता. तीही घाईनेच बोलली. "पोरगी झाली. दोघीबी बऱ्या आहो. सिस्टरचा फोन आहे, इथी वरच्या मजल्यावर थोडी रेंज आली."

"जावई?"

"बाजूलेच आहेत."

"पानी?"

"दवाखान्यात नाई आलं."

"वजन?"

"अडीच किलो."

ताईंनी फोनसाठी हात पुढे केला. साडूंनी तो दिला नाही. त्यांनी श्वास घेतला, आणि उरलेल्या त्या एका टक्क्यावर, कोणत्याही क्षणी मरणाऱ्या फोनवर, माझ्या साडूंनी विचारलं, "काटा शून्यावर होता का?"

ताईंनी कपाळावर हात मारला. मला तर वाटलं तो फोन घ्यावा आणि अंगणात भिरकावून द्यावा. पण पलीकडून थकलेलं हसू ऐकू आलं. "होता बाबा. मीच सिस्टरले म्हटलं, आधी फडकं ठेवा, मंग शून्य करा, मंग बाळाले ठेवा."

साडूंनी तोंड फिरवलं. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि माझेही डोळे भरून आले.

सांगायचं सगळं सांगून झालं होतं. आता फोन मरायला हरकत नव्हती. पण तो मरेना. एक टक्का तसाच. कोणी बोलेना, कोणी ठेवेना. पलीकडून बारीकशी कुरकुर ऐकू आली, मग एक लांबलचक रडणं, आणि ताई त्या फोनवर इतक्या वाकल्या की त्यांचं कपाळ टेकलं. मग त्याच एका टक्क्यावर ताईंनी नाळेपासून शेकशेगडीपर्यंत सगळं विचारलं. जावयाने जयभीम घातला. माझ्या बायकोने नाव काय ठेवणार म्हणून विचारलं. शेवटी सिस्टरलाच तिचा फोन परत हवा झाला. आमचा तेव्हाही एक टक्का म्हणत होता.

संध्याकाळी लाइट आल्यावर मी विचारलं, "काय भाऊ, पुन्हा शून्यापासून?" साडूंनी चालू फोनलाच वायर लावली. तसं करताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. "राहू द्या," ते म्हणाले. "आज तो माह्या बाजूनं खोटं बोलला."

नात आता घरभर पळते. जावयाने नवा फोन आणून दिला आहे, तो म्हणतो तेवढंच चालतो, आणि साडू तो ताईंना देऊन मोकळे झाले आहेत. स्वतः जुनाच वापरतात. दिवेलागणीला मलाही फोन करतात. म्हशीच्या बातम्या आता नसतात. एका टक्क्याची ती सवय बोलण्याला कायमची लागली आहे. "जयभीम. बरे आहा? जेवले? बाई बरी आहे? बस." एवढ्यात सगळं संपतं. पण फोन ठेवत नाहीत. कानाला तसाच धरून बसतात. मला कुरखेड्याचे बेडूक ऐकू येतात, ताईंनी चुलीवरून उतरवलेल्या भांड्याचा आवाज येतो, मधेच साडूंचा खोकला. आधी मी विचारायचो, "भाऊ, ठेवू का?" आता विचारत नाही. मीही बसून राहतो.